मास्तरांची पाठ

मास्तरांना मागून हाक मारली तर त्यांची मान वळत नसे, अख्खे मास्तर वळत. आधी डावा पाय कोनात सरकायचा, मग उजवा, आणि मग टोपीपासून वहाणांपर्यंतचे सगळे मास्तर एकदम आपल्यासमोर उभे राहायचे. शाळेत ते पीटी शिकवत, त्यामुळे पोरांना हाही कवायतीचाच एक प्रकार वाटे. त्यांनी मास्तरांचं नाव सावधानमास्तर ठेवलं होतं. आमचं मूळ गाव वळ, भिवंडीपासून सायकलच्या टप्प्यातलं. तेव्हा 'मास्तर वळचे, पण वळत नाहीत' हा विनोद आमच्या वस्तीत इतका वापरला गेला की शेवटी त्याला कुणी हसेनासं झालं. नात्यानं ते माझे सख्खे मोठे काका, पण घरातही सगळे त्यांना मास्तरच म्हणत. काकीसुद्धा.

शाळेच्या भिंतीला लागूनच लूमचे कारखाने होते. दिवसभर खटखट चालायची. बाकीचे शिक्षक घसा ताणून शिकवत आणि दिवाळीपर्यंत आवाज बसवून घेत. मास्तरांना शिट्टीही लागत नसे. त्यांचं 'सावधान' भिंतीपलीकडे पोचायचं. तिकडे ड्युटीवरचे कामगारही ताठ होत असतील, असं माझे वडील म्हणत. पोरं कुठकुठली असायची. कुणाचे आईबाप तेलंगणातून आलेले, कुणाचे उत्तर प्रदेशातून, कुणी खाडीकाठच्या गावांतली. मास्तर रांगेतून चालत प्रत्येकाच्या पाठीला दोन बोटं टेकवत आणि म्हणत, "पाठ सीधी. कुणाचं काही चोरलंयस का?" मी शाळा सोडल्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली, पण खुर्चीत पोक काढून बसले की ती दोन बोटं मला अजून लागतात.

मास्तरांच्या घरात वाकायला बंदी होती. ही थट्टा नाही, तो नियमच होता. थोरांच्या पाया पडायचं नाही, ताठ उभं राहून हात जोडायचे. केर काढण्यासाठी त्यांनी केरसुणीला एक लांब बांबू बांधून दिला होता, म्हणजे काकीला कमरेत वाकावं लागू नये. त्या बांबूनं कोपऱ्यातला केर कधीच निघत नसे. मास्तर शाळेत गेले की काकी बांबू सोडवून, खाली बसून नीट झाडून घेई आणि ते यायच्या आत पुन्हा बांधून ठेवी. "त्यांचं तत्त्व सांभाळायचं म्हंजे दोनदा झाडावं लागतं," ती माझ्या आईला सांगायची. हे मास्तरांना माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. बहुधा असावं.

या नियमाच्या मुळाशी आमचे आजोबा होते, आबा. आबा कमरेत काटकोनात वाकलेले होते. समोरच्या माणसाचं तोंड त्यांना दिसत नसे, त्यामुळे ते माणसं पायांवरून ओळखत. त्यांनी वळमध्ये सगळी गावकी केली होती. निरोप पोचवणं, मेलेलं ढोर ओढणं, आणि वरच्या आळीतलं कुणी दिसलं की खाली वाकून जोहार घालणं. जोहार घालून घालूनच आबांची पाठ तशी राहिली, असं आमच्या घरात सगळे मानत. मास्तर तर मानतच. धम्म घेतला तेव्हा ते शाळकरी होते. त्या दिवशी त्यांनी मनाशी काय ठरवलं ते त्यांनी आम्हाला पुष्कळदा सांगितलं होतं. "आबांची पाठ गावानं वाकवली. माझी कोण वाकवतो ते बघू."

मास्तर पहाटे चारला उठत आणि आम्हाला त्यांच्या शिस्तीचा दाखला दिला जाई. खरी गोष्ट मला फार नंतर काकीकडून कळली. चारला त्यांना पाठ झोपू देत नसे. काकी उठून वीट तापवायची, फडक्यात गुंडाळून त्यांच्या कमरेखाली सरकवायची. तासाभरानं ते कुशीवर होत, मग बसत, मग भिंत धरून उभे राहत. हालचाल झाली की मोकळं वाटे, म्हणून ते अंधारातच मैदानाकडे निघत. विशीपासून हे असंच चाललं होतं. मास्तर ताठ चालतात म्हणून जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे त्यांना ठेवत, आणि तो ताठपणा म्हणजे काय होता ते एकट्या काकीला माहीत होतं.

मग ते वाकू लागले. आधी आम्हाला वाटलं, वय झालं. पण तेव्हा ते जेमतेम पंचेचाळिशीचे होते. मान पुढे आली, खांदे गोल झाले, नजर हळूहळू खाली उतरत गेली. त्यांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. पण झेंडावंदनाला मास्तर झेंड्यापासून लांब उभे राहू लागले, ते मी पाहिलं. जवळून मान वर करून बघणं त्यांना जमत नसे, म्हणून झेंडा नजरेच्या टप्प्यात येईल इतकं मागे जायचं. एका वर्षी वीस पावलं, पुढल्या वर्षी तीस. हेडमास्तर पुढे बोलावत, तर म्हणत, "इथून नीट दिसतो." मी तेव्हा कॉलेजात होते, झेंडावंदनाला मुद्दाम शाळेत जायची. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

उपाय झाले. एका हाडवैद्यानं पाठीवर गुडघा देऊन ती दाबली. मग कुणा डॉक्टरनं कमरेला पट्टा दिला आणि दीड महिना झोपून राहायला सांगितलं. आयुष्यात कधी आडवा न पडलेला माणूस दीड महिना पडून राहिला आणि उठला तेव्हा आणखी चार बोटं वाकलेला होता. शेवटी माझ्या वडिलांनी त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जायला राजी केलं. सोबत मी गेले. मी बी.एस्सी.ला होते, घरातली सायन्स शिकणारी पहिली, आणि माझी फी मास्तर भरत होते. "डॉक्टर इंग्रजीत काही लपवायला लागला तर तू पकडायचं," ते म्हणाले. ही शहाऐंशीची गोष्ट.

डॉक्टर बाई होत्या आणि स्वच्छ मराठी बोलत होत्या, त्यामुळे पकडण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी मास्तरांच्या छातीला टेप लावला आणि श्वास ओढायला सांगितलं. हजारो पोरांना 'श्वास घ्या, सोडा' शिकवलेल्या मास्तरांची छाती बोटभरसुद्धा फुगली नाही. एक्स-रेच्या फोटोत पाठीचे मणके एकमेकांना जोडले जाऊन अख्खी पाठ एका हाडाची झालेली दिसली. रक्त घेतलं. दुसऱ्या खेपेला रिपोर्ट आला, तेव्हा बाईंनी आम्हाला बसवून समजावलं. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर ओळखीची खूण असते. रोगाशी लढणाऱ्या पेशी ती खूण बघून आपला कोण, परका कोण ते ठरवतात. ही खूण कशी असायची ते आईवडिलांकडून आलेल्या जीन्सवर अवलंबून असतं. मास्तरांच्या रक्तात यातला एक विशिष्ट प्रकार सापडला होता. तो ज्यांच्यात असतो त्यांच्यातल्या काहींच्या लढणाऱ्या पेशी चुकतात आणि आपल्याच मणक्यांवर तुटून पडतात. का चुकतात ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही, असंही बाई म्हणाल्या. मग त्यांनी वडिलांची पाठ कशी होती ते विचारलं. मास्तरांनी गावकीचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, त्यांनाही बहुधा हाच आजार असावा.

मास्तरांनी विचारलं, "म्हणजे हे जन्मानं आलं?"

"खूण जन्मानं आली."

"बाई, अमुक गोष्ट जन्मानंच ठरते, हे आमच्या लोकांना फार वर्षं सांगून झालंय. तुम्ही तरी सांगू नका."

बाई चिडल्या नाहीत. खूण जन्माची असली तरी आजार जन्माचा नाही, खूण असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीसुद्धा होत नाही, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. मास्तरांना एकच मुलगा होता, मिलिंद, तेव्हा बारा वर्षांचा. त्याच्यात खूण असण्याची शक्यता निम्मी, आणि असली तरी घाबरायचं कारण नाही, असं त्या म्हणाल्या. फक्त मोठा झाल्यावर सकाळी त्याची पाठ धरू लागली तर लगेच आणा. आणि कधी एकच डोळा लाल होऊन दुखला, उजेड सोसेनासा झाला, तर त्याच दिवशी आणा; त्यात उशीर केला तर नजर जाते. मी हे वहीत लिहून घेतलं. मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले होते.

परतताना कशेळीच्या पुलाआधी ट्रकांच्या रांगेत आमची एसटी अडकली. तिथे मास्तर म्हणाले, पुन्हा सांग. मी माझ्या परीनं सांगितलं, शरीराचे राखणदारच आपल्या माणसांना परके समजून मारायला लागतात. ते दोन वर्षांपूर्वीच्या भिवंडीतून गेलेले होते, आमच्या गल्लीच्या तोंडाशी जळालेलं सामान त्यांनी स्वतः उचललं होतं. "म्हणजे दंगल," ते म्हणाले. मी हो म्हटलं. मग त्यांनी रिपोर्टची चौघडी घालून खिशात ठेवली आणि मला बजावलं, यातलं एक अक्षर घरी सांगायचं नाही. काकीला नाही, माझ्या वडिलांना नाही, मिलिंदला तर नाहीच. मी कारण विचारलं.

"आबांची पाठ गावानं वाकवली नाही, त्यांच्याच रक्तानं वाकवली, असं मी सांगत फिरू? गावाला किती बरं वाटेल, शालिनी."

मी एकोणीस वर्षांची होते. मला ते पटलं. आजही अर्धं पटतं, आणि म्हणूनच माझा स्वतःवरचा राग जात नाही. मी शब्द दिला आणि वहीतलं ते पान फाडून टाकलं.

मिलिंद बापाच्या अगदी उलटा, सैल अंगाचा, हसरा. त्याला पोलिसात भरती व्हायचं होतं. पहाटे वडप्याच्या रस्त्याला पळायला जायचा. एकोणिसाव्या वर्षी तो पळायला उशिरा निघू लागला. उठल्यावर कंबर धरते, तासाभरानं सुटते, असं तो काकीला सांगे. काकीनं हे आधी एका माणसाच्या तोंडून पंचवीस वर्षं ऐकलेलं होतं, पण तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. मास्तरांनी मात्र ओळखलं. ओळखून त्यांनी काय केलं, तर त्याची कवायत वाढवली. सकाळ-संध्याकाळ ताण, श्वास, पोहणं. डॉक्टरबाईंनी व्यायाम सांगितला होताच. उपचारातला अर्धा भाग त्यांनी मुलाला प्रामाणिकपणे दिला आणि अर्धा खिशात ठेवला.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात भिवंडीत डोळ्यांची साथ आली. घरटी कुणी ना कुणी काळा चष्मा लावून बसलेलं. मिलिंदचा उजवा डोळा लाल झाला, तेव्हा कुणी दोनदा विचार केला नाही. मेडिकलमधून ड्रॉप्स आणले. बरा झाला, पुन्हा लाल झाला, पुन्हा ड्रॉप्स. मी लग्न होऊन कल्याणला गेले होते आणि तिथल्याच एका लॅबमध्ये रक्त तपासत होते. ऑक्टोबरात माहेरी आले तर मिलिंद भर दुपारी खिडकीला चादर लावून अंधारात बसला होता. साथ केव्हाच ओसरली होती. मी तशीच बाहेरच्या खोलीत मास्तरांकडे गेले.

"साथ आहे," मास्तर म्हणाले.

"साथ एका डोळ्याला धरून तीन महिने राहत नाही, मास्तर. बाईंनी काय सांगितलं होतं?"

मास्तर वळले. आधी डावा पाय, मग उजवा, आणि सगळे माझ्याकडे पाठ करून भिंतीसमोर उभे राहिले. आठ वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना विचारल्याशिवाय काही केलं. परत आत जाऊन मिलिंदला सगळं सांगितलं आणि त्याच दिवशी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आतल्या पडद्याला सूज येऊन येऊन बाहुली चिकटून गेली होती. आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य ते रोज कुणाला ना कुणाला म्हणत असणार. औषधांनी दुखणं थांबलं, पण त्या डोळ्याला उजेड-अंधारापलीकडे काही दिसेनासं झालं. भरती संपली. मिलिंदनं मला एकच विचारलं, "ताई, तुला कधीपासून माहीत होतं?" मी खरं ते सांगितलं. तो मला काही बोलला असता तर बरं वाटलं असतं.

बापलेकांचं बोलणं बंद झालं. काकी दोघांना वेगवेगळं वाढायची. मास्तर निवृत्तीआधीच घरी बसले होते. त्यांना आता समोरच्याच्या गुडघ्यांच्या वरचं दिसत नसे. त्या काळात मी माझं रक्त तपासून घेतलं. भीतीनं नव्हे, खरं तर शिक्षा म्हणून. रिपोर्ट घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि खाली जमिनीवर बसले, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसावं.

"मास्तर, ती खूण माझ्यातही आहे."

त्यांनी लगेच विचारलं, "पाठ?"

"पाठ चांगली आहे. डोळेही. अठ्ठावीस वर्षांची झाले, कधी कळ आली नाही."

"खूण असून?"

"असून. बहुतेकांचं असंच असतं. बाई तेव्हाच म्हणाल्या होत्या."

मास्तर म्हणाले, "म्हणाल्या असतील. मी पुढचं ऐकलंच नाही गं. जन्मानं, एवढंच ऐकलं. मी त्या शब्दाशी भांडत बसलो आणि पोराचा डोळा गेला." मास्तरांना मी आयुष्यात एकदाच रडताना पाहिलं, ते तेव्हा. त्यांना मान वर करता येत नव्हती, त्यामुळे पाणी सरळ खाली जमिनीवर पडत होतं. मी पुसायला हवं होतं. मला धीर झाला नाही.

त्या संध्याकाळी ते स्वतः मिलिंदच्या खोलीत गेले आणि आपला तो जुना, चौघडी घातलेला रिपोर्ट त्याच्यापुढे ठेवून आले. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. पुढे मिलिंद वळच्या एका गोदामात माल उतरवून घेण्याच्या कामाला लागला. कामावर जाण्याआधी तो मास्तरांच्या शेजारी उभा राहून हात वर, हात खाली करू लागला. काकी म्हणायची, बोलत नाहीत, पण श्वास बरोबर घेतात.

अठ्ठ्याण्णवच्या थंडीत मास्तरांना न्यूमोनिया झाला. फुगायला जागाच नसलेल्या त्या छातीत तो पाच दिवस राहिला आणि सहाव्या सकाळी मास्तर गेले.

वळहून सगळी भावकी आली. मास्तरांना पांढऱ्या कपड्यात अंगणात ठेवलं होतं, पण ते आडवे राहत नव्हते. पाठ टेकवली की मान-खांदे अधांतरी राहत, जणू उठून कुणाला तरी काही सांगायला निघालेत. कुणी मानेखाली उशी देऊन पाहिली, दोन दिल्या. मग गावातले एक म्हातारे चुलते पुढे झाले. "जनमभर ताठ ऱ्हायलेला मानूस हाय. सरल तरी करा त्याला," ते म्हणाले, आणि दोघांनी खांदे दाबायला घेतले. त्यांच्या मनात मायाच होती.

"दाबू नका," मिलिंद म्हणाला. "मोडतील ते. असेच राहू द्या."

लोक थांबले. मिलिंद कधी चारचौघांत बोलणारा नव्हता. तो बापाच्या उशाशी उभा राहून बोलला. मास्तरांना आजार होता. आबांनाही तोच असावा. गावानं आबांना जे करायला लावलं ते लावलंच, त्याचा हिशेब या आजारानं मिटत नाही, पण पाठ आजारानं गेली. मला आहे, माझा डोळा त्यातच गेला. शालिनीताईच्या रक्तात खूण आहे आणि तिला काही नाही. तुमच्यापैकी कुणाकुणात असेल. त्यात लाज नाही आणि सगळ्यांनी घाबरायचंही नाही. पण ज्याची पाठ सकाळी धरते त्यानं घरात लपवून ठेवू नये, मला येऊन सांगावं, मी डॉक्टरकडे नेईन. एवढं बोलून तो वाकून बापाच्या पायांशी बसला, आणि त्या घरात त्याला कुणी टोकलं नाही.

बायका पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. त्रिशरण झालं, मेणबत्त्या लावल्या. आम्ही मास्तरांना दोन उशांवर टेकवून तसंच उचललं.

स्मशानातून लोक परतत होते, तेव्हा वळची आमची चुलतबहीण सुनंदा मिलिंदजवळ आली. ती विशीबाविशीची, गोदामात पॅकिंगला जाणारी. तिनं इकडेतिकडे पाहिलं, त्याच्या दिसत्या डोळ्याच्या बाजूनं येऊन उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "दादा, माजी पन पाठ सकाली धरतं. तीन वर्सं झाली. कुनाला बोलली न्हाय."